मागच्या भिंतीतलं भोक

एसी म्हणजे मोठं खोडीचं मशीन. थंडीत, पावसात त्याला काही होत नाही, कारण तेव्हा त्याला कोणी विचारत नाही. बंद पडायचं ते मे महिन्यात, भर दुपारी, आणि घरात नाजूक माणूस असताना. कुरखेड्याच्या बाजारओळीत प्रणितचं दुरुस्तीचं दुकान होतं, त्याला हे पाठ झालेलं. म्हणून चिचटोल्याच्या धनराजभाऊंचा फोन आला तेव्हा त्याने कपाळावर हात मारून घेतला, पण नाही म्हटलं नाही.

“प्रणित, मी नागपूरले अटकलो बाबू,” धनराजभाऊ म्हणाले. “घरी माय हाये, बहीण रुपाली बाळंतपणाले आली हाये. एसी सकाळपासून नुसती गरम हवा फेकून राह्यला. तू आत्ताच्या आत्ता जा.”

“जातो भाऊ. पण जोडीदार माहा लग्नाले गेला. एकट्याले टाईम लागते.”

“लागू दे. पण आज झाला पाह्यजे. लेकराले काल ताप होता.”

ताप म्हटल्यावर प्रणितने उघडलेला डबा तसाच बंद केला. डोक्याला दुपट्टा गुंडाळला, उन्हाचा म्हणून पॅन्टच्या खिशात एक कांदा टाकला, हत्यारांची पिशवी गाडीला अडकवली आणि निघाला.

आमच्याकडचं ऊन ज्याने पाहिलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. रस्त्यावर डांबर पातळ झालेलं. दोन्ही बाजूंचा सागवान उघडा पडलेला, खाली वाळक्या पानांचा खच. वारा नाही. चिचटोल्यात शिरला तेव्हा सगळी दारं बंद, कवाडाच्या फटीत ओली पोती लावलेली, आणि गल्लीत माणूस सोडा, कोंबडीही नव्हती. रात्रीला उगाच नावं ठेवतात लोक. रात्री निदान कुत्री भुंकतात, कोणी खोकतं, कोणी लेकराला थोपटतं. मेच्या दुपारी गाव असं गप्प पडतं की आपल्याच गाडीचा आवाज आपल्याला परका वाटतो.

धनराजभाऊंचं घर गल्लीत सगळ्यांत शेवटी. घर जुनं, गिलावा नवा, तोंड गल्लीकडे. पाठीमागे बोडी, म्हणजे धानाला पाणी द्यायचा छोटा तलाव, आणि बोडीच्या पलीकडे थेट जंगल. दारात ताराबाई उभ्याच होत्या. धनराजभाऊंची आई. लुगड्याचा पदर ओला करून डोक्यावर घेतलेला, डोळे रात्रभर जागलेले.

“आला का बापा,” त्या म्हणाल्या. “ये. चप्पल राहू दे पायात, फरशी पोळते.”

आतल्या खोलीत रुपाली खाटेवर बसून होती आणि ओल्या फडक्याने लेकराला पुसत होती. लेकरू केवढं, तर दोन ओंजळीत मावेल एवढं. महिन्याचंही झालं नव्हतं. दिवस भरायच्या आधीच आलेलं, म्हणून अंगावर मांस नाही, रडायलाही जोर नाही. तोंड उघडायचं, आवाज यायचा नाही. अंग लालबुंद झालेलं.

“डॉक्टर काय म्हणते ताई?” प्रणितने विचारलं.

“म्हणते खोली थंडी ठेवा. ताप चढला तं गडचिरोलीले भरती करा.” रुपालीने मान वर केली नाही. “आता सांगा भाऊ, या उनात एवढ्या दूर याले कसं नेऊ? रस्त्यातच…”

  प्रणितच्या घरी त्याची स्वतःची पोरगी होती.

काहीतरी बोलायचं म्हणून त्याने विचारलं, “नाव काय ठेवलं?”

“झाडू!” दारातून ताराबाई फाडकन म्हणाल्या.

प्रणितला हसू आलं. त्याच्या वडिलांच्या पिढीत असे झाडू, केरू, उकंडा गावोगावी होते. नाव एवढं टाकाऊ ठेवायचं की कोणाची नजर वळू नये. पण आजच्या काळात, एसी असलेल्या घरात झाडू? रुपालीने मायकडे पाठ करून त्याच्याकडे पाहिलं आणि ओठ दुमडून मान हलवली. म्हणजे खरं नाव वेगळं होतं आणि ते मायलाही सांगितलेलं नव्हतं.

तो कामाला लागला. रिमोटचे सेल बदलले, जाळ्या काढून धुतल्या, स्टॅबिलायझरचा काटा बघितला. आतला पंखा बरोबर फिरत होता. हवा मात्र चुलीपुढून आल्यासारखी. त्याने भिंतीला कान लावला. मागच्या बाजूला लावलेलं दुसरं मशीन घर्रर्र करायचं आणि दम कोंडल्यासारखं बंद पडायचं.

“कॅपॅसिटर गेला वाटते,” तो म्हणाला. “मोठी गोष्ट नाई. मागं जाऊन खोलावं लागंल.”

आणि तेव्हा त्याचं भिंतीकडे नीट लक्ष गेलं. मागच्या भिंतीला खिडकी नव्हती. पण असायला हवी होती, नव्हे, होती. गिलाव्याखाली चौकोन दिसत होता, विटांनी बुजवलेला. या उकाड्याच्या मुलखात मागची खिडकी कोण बुजवतं? साऱ्या भिंतीत आरपार जागा एकच, एसीचे पाईप बाहेर काढायला पाडलेलं वीतभर भोक.

तो पिशवी घेऊन निघाला तेव्हा ताराबाईंनी त्याचा दंड धरला आणि तोंड पार कानाशी आणलं.

“मागं कोणाले नाव घेऊन हाक मारू नोको,” त्या कुजबुजल्या. “काही लागलं तं थाळी वाजव. मी येतो.”

“काऊन बाई?”

“नोको म्हणलं ना.”

त्यांनी एक जर्मनची थाळी आणि चमचा त्याच्या हातात दिला. खाटेवरून रुपाली म्हणाली, “माय, थाळी नोको ना. कालपासून लेकरू आवाजानं दचकते, मंग निळंच पडते.” म्हातारीने थाळी परत घेतली आणि चुळबुळत उभी राहिली. “मंग बोलूच नोको,” त्या म्हणाल्या. प्रणितने मान डोलावली. म्हाताऱ्या माणसांचे नाना नेम असतात, कुठे वाद घालत बसायचा?

घराला वळसा घालून तो मागे आला. बोडी आटून भेगाळलेली होती. मधोमध तेवढं हिरवट पाणी उरलेलं, त्यावर साय धरलेली. चिखलाचा, सडक्या शेवाळाचा आणि मेलेल्या मासोळ्यांचा वास येत होता. प्रणितला तो वास परका नव्हता. त्याचा बाप मुखरू जन्मभर तलावावर जाळं टाकत आला होता, लहानपणी प्रणितचे कपडे याच वासाचे असत. पण तलावावर बगळे असतात, पाणकोंबड्या असतात. इथे काही नव्हतं. एक टिटवीदेखील नाही.

मशीन भिंतीवर खांद्याएवढ्या उंचीवर बसवलेलं. त्याच्या वर ते भोक, आणि भोकात जुन्या लुगड्याचा बोळा घट्ट कोंबलेला. बोळ्यातून कडुनिंबाची वाळकी पानं डोकावत होती. प्रणितने झाकण खोललं. कॅपॅसिटर पुरीसारखा फुगलेला. अंदाज बरोबर निघाला. आता फक्त आतून वीज बंद करून घ्यायची आणि नवा टाकायचा.

त्याने फोन काढला. काच काळी. उन्हाने तापून फोन स्वतःच बंद पडला होता, हात लावला तर चटका बसला. आता परत वळसा घालून जायचं, बटन बंद करायचं, परत यायचं? जोडीदार असता तर एक आत, एक बाहेर, हाकेसरशी काम. सवय वाईट असते. म्हातारीचं बोलणं त्याच्या डोक्यातून कधी गेलं ते त्यालाही कळलं नाही.

“रुपालीताई!” तो ओरडला. “स्टॅबिलायझर बंद करा!”

 मग आवाज आला. बारीक, ओलसर, बाईचा म्हणावा तर बाईचा.

“केला…”

प्रणितने पक्कड उचलली आणि हात आत घातला. बोट तारेपासून दोन दाण्यांएवढं लांब असेल, तेवढ्यात सवयीने, निव्वळ सवयीने, त्याने दुसऱ्या हातातला टेस्टर टेकवला. टेस्टरचा दिवा भक्कन पेटला.

वीज चालू होती.

त्याने हात असा मागे घेतला की पक्कड बोडीच्या पाळीवर जाऊन पडली.  आणि मग आला राग. माणूस मरता मरता वाचला की आधी त्याला रागच येतो. तो पाय आपटत घरात शिरला.

“ताई, मारता का मले? बंद केला म्हणता अन्‌ चालू ठेवता?”

रुपाली लेकराला पाजत होती.  “मी कधी म्हणलं भाऊ? तुम्ही हाक तरी कधी मारली? इथी काहीच ऐकू नाई आलं.”

“आत्ता! नाव घेऊन मारली!”

स्वयंपाकघरात भांडं पडलं. ताराबाई दारात आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

“नाव घेतलं तू,” त्या म्हणाल्या. “अन्‌ ओ आली.”

प्रणितचा राग जागच्या जागी विझला. ताराबाई खाली बसल्या, त्यालाही बसवलं, आणि परत तशाच, कानाला तोंड लावून, जणू भिंतीलाही ऐकू जाऊ नये अशा बेताने सांगायला लागल्या.

“सूरज माहा. रुपालीच्या पाठचा. सात वर्षांचा होता… जेवणं झालती, आम्ही सारे आडवे झालतो. मागच्या खिडकीतून त्याच्या बापानं हाक मारली. सूरज… सूरज… अशी दोनदा. पोट्टं ‘ओ’ म्हणून उठलं अन्‌ पळालं.” त्यांनी पदर सावरला. “बाप त इथीच होता ना. माह्या बाजूले घोरत होता.”

“मंग?”

“बोडीत सापडला. पाणी गुडघाभर बी नोहतं.”

रुपालीने लेकराला छातीशी आवळलं. ती तेव्हा नऊ वर्षांची होती, आणि तीही खाटेवर जागी होती. हाक तिनेही ऐकली होती. भाऊ उठून जाताना तिने पाहिलं होतं आणि बाप बोलावतो म्हणून अडवलं नव्हतं. हे ती कोणाला सांगत नसे, पण तिच्या चेहऱ्यावर ते आजही उघड दिसत होतं.

“खिडकी बुजवली,” ताराबाई म्हणाल्या. “तवापासून या भिंतीले भोक नोहतं. एसीवाल्यानं पाडलं. मी बोळा कोंबला. धनराज हासला माह्यावर.”

 उठून जावं असं त्याच्या मनात आलं. आलंच. पण तेवढ्यात लेकराने तोंड उघडलं, मान मागे टाकली, आणि ते बिनआवाजाचं रडणं पाहून तो बसल्या जागी शरमला. एक कॅपॅसिटर बदलायचा. चहा उकळेपर्यंतचं काम.

“बाई, आमचे बाबा पाण्यावरचे,” तो म्हणाला. “त्यायचा एक नेम होता. तलावावर एकमेकाले तीनदा हाक मारायची. पयल्या दोन हाकेले कोणी बी ओ देत नाई. तिसरी आली तं समजायचं माणूस हाये. पाण्यावरच्याले तिसरी हाक येत नाई म्हणे.”

ताराबाईंनी हे ऐकून घेतलं आणि हळूच मान हलवली. सूरजलाही दोनच हाका आल्या होत्या. लेकराच्या औषधाला पाणी गरम करायला त्या चुलीकडे गेल्या. प्रणितने स्वतःच्या हाताने स्टॅबिलायझर बंद केला, दोनदा खात्री करून घेतली, आणि मागे गेला.

यावेळी त्याने पाण्याबाहेर काढलेल्या मासोळीसारखी घाई केली नाही. टेस्टर लावला, दिवा पेटला नाही. पिशवीतल्या दुसऱ्या पकडीने जुना कॅपॅसिटर काढला, नवा बसवला. आता आतून चालू करून बघायचं. पण रुपालीला त्याची हाक ऐकू जाणार कशी? मघाशी गेली नव्हतीच. त्याने भोकातला बोळा ओढून काढला आणि खिशात कोंबला, कांद्यापाशी. भोकातून आतला अंधार दिसला.

मग त्याने भोकाला तोंड लावलं. घरात कानाशी बोलायची जी गोष्ट होती, ती त्याने बोडीकडे पाठ करून, खणखणीत आवाजात सांगितली.

“रुपालीताई, ध्यानात ठेवा! मी तीनदा हाक मारीन! तिसऱ्या हाकेलेच ओ द्यायची! तीनदा आली तं मीच हाये समजा!”

“हाव भाऊ,” आतून रुपाली म्हणाली. तिचा आवाज कोरडा, दमलेला, माणसाचा होता. प्रणितला बरं वाटलं.

“चालू करा!” तो ओरडला. थांबला. “चालू करा!” पुन्हा थांबला. “चालू करा!”

“केला भाऊ!”

मशीन थरथरलं, घरघरलं, आणि यावेळी बंद न पडता एका लयीत फिरायला लागलं. पाईपाच्या तोंडाशी घाम धरला. प्रणितने सुटकेचा श्वास टाकला, झाकण लावलं आणि पडलेली पक्कड आणायला बोडीच्या पाळीवर गेला.

तो वाकलेला असताना त्याच्या खालून, पाण्याच्या अंगाने, कोणीतरी अगदी हळू बोललं.

“चालू करा…”

आवाज ओलसर होता, पण तो आता बाईचा राहिला नव्हता. शब्द ओढायची लकब, ‘रा’वर जोर. प्रणितने तो आवाज ओळखला. रोज स्वतःच्या तोंडून ऐकतो तो आवाज कोण ओळखणार नाही?

“चालू करा…”

मग शांतता. हिरव्या पाण्यावरची साय हलत नव्हती. आणि त्या शांततेत कोणीतरी अडखळत होतं. येत नसलेला शब्द लेकरू जिभेवर घोळवून बघतं ना, तसं. च… चा… चा…

प्रणितने पक्कड उचलली नाही. तो पळाला. तीस वर्षांचा बाप्या, भर दुपारी, घराच्या भिंतीला खांदा घासत पळाला.

खोलीत शिरला तर गार. एसीची हवा सरळ खाटेवर येत होती. ताराबाई लेकराच्या कपाळाला हात लावून बसल्या होत्या आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. “उतरला,” त्या म्हणत होत्या, “उतरून राह्यला ताप.” लेकराचा लालपणा ओसरला होता, मुठी सुटल्या होत्या. कालपासून ते पहिल्यांदाच झोपलं होतं.

“देव भलं करो तुह्यं,” ताराबाईंनी त्याला आंबिलीचा गिलास दिला. मग त्यांची नजर भिंतीवर गेली. मशीनच्या आड असलेलं भोक आतून दिसत नव्हतं. “बोळा होता तसाच कोंबला ना बापा?”

प्रणितचा हात खिशावर गेला. बोळा तिथेच होता. परत मागे जायचं म्हणजे त्या पाण्यापाशी जायचं. पक्की माती लावून बुजवायला उद्या जोडीदाराला घेऊन येऊ, तो मनात म्हणाला. उद्या सकाळी, पहिलं काम तेच. एका रात्रीने काय होतं? आणि त्या म्हातारीसमोर भित्रा ठरायची त्याला लाज वाटली.

“केला,” तो म्हणाला.

शब्द तोंडातून सुटला आणि त्याच्या अंगावर काटा आला. पण सुटला तो सुटला. आंबील घशाखाली लोटून तो निघाला.

चिचटोल्याच्या फाट्यावर कडुनिंबाखाली कोणीतरी पाण्याचा रांजण ठेवलेला आहे. तिथे त्याने गाडी थांबवली. पाणी प्यायला, तोंडावर मारलं, ओल्या दुपट्ट्यात फोन गुंडाळून ठेवला. सावलीत बसल्यावर आपण केलेली गोष्ट त्याला नीट दिसायला लागली. लेकराच्या जिवावर आपली लाज राखली, एवढंच केलं होतं त्याने. तो स्वतःवरच चिडला. “जातो,” तो मोठ्याने म्हणाला. “जातो अन्‌ कोंबून येतो. काय खाऊन टाकते का मले?” आणि तो उठला.

तेवढ्यात फोन जिवंत झाला आणि लगेच वाजला. रुपाली होती. मागे एसीची गुणगुण ऐकू येत होती.

“भाऊ, आता या ना आत,” ती दबक्या आवाजात बोलत होती, लेकराची झोप मोडू नये म्हणून. पण आवाजात हसू होतं. एवढ्या दिवसांनी आलेलं हसू. “काम झालं तं उनात कायले उभे राह्यता? माय झोपली आत्ताच. मी चहा ठेवतो.”

प्रणितने फोन कानाशी दाबला. “ताई… मी कुठी हावो म्हणता?”

“मागंच ना. आत्ताच तं बोलले भोकातून. मी आधी काही बोललीच नाई, बरोबर नेमानं राह्यली. तुम्ही तीनदा हाक मारली, मंगच ओ देल्ली.”

“तीनदा?”

“हाव. तिसऱ्यावेळी जरा अटकले तुम्ही, मले हासू आलं.”  मग ती आणखी हळू बोलली. “भाऊ, एक सांगू? मायले सांगू नोका. तुम्ही आत्ता भोकातून नाव विचारलं ना, म्हून तुमाले सांगितलं, नाईतं बारशापर्यंत मी कोणाले सांगणार नोहती. तिले वाटते नाव बदललं की नजर चुकते. पण मले त्याचंच नाव ठेवाचं हाये. मी तवा त्याले अडवलं नाई ना भाऊ… म्हून. सूरजच ठेवाचं हाये.”

“ताई,” प्रणित म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू येईना. “ताई, ऐका. लेकरू उचला अन्‌ गल्लीत या. मी फाट्यावर हावो. मी कवाचा निघालो तिथून.”

पलीकडे एसीची गुणगुण. रुपालीचा श्वास, अडकलेला.

“बोळा… बोळा माह्या खिशात हाये, ताई. भोक उघडं हाये. पळा!”

आणि मग फोनमध्ये, रुपालीच्या मागून, भिंतीच्या बाजूने, प्रणितला स्वतःचा आवाज ऐकू आला. सावकाश, लाडाने मारलेली हाक.

“सूरज…”

खाट करकरली. रुपाली उठली असावी. तिची बांगडी कशाला तरी लागली.

“सूरज…”

प्रणितने डोळे मिटले. मुठीतला बोळा त्याने एवढा आवळला की निंबाच्या पानांचा चुरा झाला. आता तिसरी नाही, तो म्हणत होता, आता नाही, आता नाही, बाबांनी सांगितलं होतं, आता नाही.

“सू… सूरज.”

तिसरी हाक विरली. आणि फोनच्या अगदी जवळून, जिथे रुपालीने लेकरू खांद्याशी धरलेलं असणार तिथून, ज्याला मघापर्यंत रडायलाही आवाज नव्हता त्याची, इवलीशी, स्वच्छ ओ आली.

“ओ…”